वहीखाते वाचणारा बातमीदार

पदवी परीक्षांचे निकाल लागले की व्यापारी घरांतून पुढच्या वाटेची चर्चा सुरू होते. सी. ए., एम. बी. ए. किंवा थेट पेढी, ही तीन उत्तरे जवळपास ठरलेली असतात. अलीकडे मात्र एखाद्या घरातून चौथे उत्तर ऐकू येते आणि बैठकीतील वडीलधारी मंडळी क्षणभर गप्प होतात. मुलीला, क्वचित मुलालाही, पत्रकारितेचे उच्च शिक्षण घ्यावयाचे असते. वार्ताहर दुकानी आला तर त्याला चहा पाजावा, दिवाळी अंकासाठी जाहिरात मागितली तर द्यावी, एवढाच या व्यवसायाशी घराचा संबंध आलेला असतो. वार्ताहर आपल्याच घरात जन्मावा, अशी अपेक्षा कुणी केलेली नसते. मग प्रश्न सुरू होतात. यात मिळणार किती? रात्री घरी किती वाजता येणार? स्थळ घेऊन येणाऱ्यांना काय सांगायचे? आणि सर्वांत शेवटी, जरा खालच्या आवाजात, खरा प्रश्न विचारला जातो. उद्या आपल्याच बाजारातील कुणाविरुद्ध लिहिण्याची वेळ आली तर?

व्यापार आणि वृत्तपत्र ही दोन निराळी जगे आहेत, ही समजूत इतिहासाला धरून नाही. मुंबईत फर्दुनजी मर्झबान यांनी १ जुलै १८२२ रोजी ‘मुंबई समाचार’ सुरू केला, तेव्हा त्याचा वाचक प्रामुख्याने व्यापारी होता. जहाजांची आवकजावक, मालाच्या आणि मालमत्तेच्या विक्रीच्या सूचना हा त्यातील मजकुराचा कणा होता. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, ते लोकशिक्षणाच्या हेतूने. त्यानंतर सहा वर्षांनी, ३ नोव्हेंबर १८३८ रोजी, आजच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा पूर्वज निघाला. त्याचे नावच ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ असे होते. बंदरावर उतरणाऱ्या मालाची खात्रीची खबर ज्याला आधी मिळे, त्याचा सौदा आधी होई. वृत्तपत्राची पहिली गरज ज्यांना भासली त्यांत पेढीवाले अग्रभागी होते.

याहून रंजक कथा लंडनच्या ‘द इकॉनॉमिस्ट’ची आहे. १८४३ साली हे साप्ताहिक काढणारा जेम्स विल्सन हा टोप्या बनवून विकणारा कारखानदार होता. १८३७ च्या मंदीत निळीच्या सट्ट्यात त्याची बरीचशी पुंजी बुडाली होती. धान्याच्या आयातीवरील जकातीविरुद्ध मुक्त व्यापाराची बाजू मांडण्यासाठी त्याने पत्र काढले आणि हिशेब कळणाऱ्या माणसाच्या हातून ते उभे राहिले. पुढे १८५९ मध्ये तो हिंदुस्थान सरकारचा अर्थसदस्य म्हणून कलकत्त्यास आला. या देशात प्राप्तिकर आणला तो त्यानेच, १८६० साली! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो तेथेच मरण पावला. दरवर्षी विवरणपत्र भरताना व्यापाऱ्यांनी ज्याची आठवण काढावी तो गृहस्थ मुळात त्यांच्याच बिरादरीतला आणि वर संपादक, हा योग विलक्षण खरा. त्याचा जावई वॉल्टर बॅजट हाही सॉमरसेटमधील एका बँकमालक घराण्यातला. घरच्या बँकेत काम शिकलेल्या या माणसाने १८६१ ते १८७७ या काळात ‘द इकॉनॉमिस्ट’ संपादित केला आणि १८७३ मध्ये ‘लोम्बार्ड स्ट्रीट’ हा ग्रंथ लिहिला. बँकांवर संकट कोसळले असता मध्यवर्ती बँकेने काय करावे, याची चर्चा आजही त्या ग्रंथाच्या आधाराने होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थविषयक पत्रकारितेतील अनुभवी पत्रकारांसाठी जी पाठ्यवृत्ती आहे तिच्या नावात बॅजटचे नाव आहे, ते यामुळेच.

पत्रकारिता विद्यापीठात शिकविण्याची कल्पना त्या मानाने नवी आहे. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाने १९०८ साली जगातील पहिली पत्रकारिता शाळा उघडली आणि वर्ग सुरू झाले त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी वृत्तपत्राचा पहिला अंक काढला. लिहून शिकावे, शिकून लिहीत बसू नये, ही त्या शाळेची रीत आजही ‘मिसुरी पद्धती’ म्हणून ओळखली जाते. जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून कोलंबियाची शाळा १९१२ मध्ये उघडली. स्वतः पुलित्झर ती पाहण्यास हयात नव्हते. याच कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन परतलेल्या नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ काढला. मराठी वृत्तपत्राला निबंधाच्या वळणावरून बातमीच्या वळणावर आणण्याचे बरेचसे श्रेय त्यांना दिले जाते.

महाराष्ट्रात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये अमेरिकी प्राध्यापक रोलंड वूल्सली यांच्या पुढाकाराने पत्रकारितेचा विभाग सुरू झाला. पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ चा. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत असल्यामुळे लोक त्याला ‘रानडे’ एवढेच म्हणतात आणि मराठी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत ‘रानडेचा’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ ची. तिच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका शिकविली जाते आणि २०२४ पासून संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेला आहे. चेन्नईचे एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझम १९९४ मध्ये बंगळुरूत सुरू होऊन २००० मध्ये चेन्नईस गेले; तेथील एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम कसून काम करून घेण्याबद्दल प्रसिद्ध आहे. काही वर्षे ब्लूमबर्गच्या साहाय्याने आर्थिक पत्रकारितेची स्वतंत्र पदविकाही तेथे चालविण्यात आली. याखेरीज खासगी विद्यापीठांनी काढलेले अभ्यासक्रम आता गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या माहितीपुस्तिकांवर कॅमेरे, स्टुडिओ आणि हसरे चेहरे असतात.

माहितीपुस्तिकेवरून संस्था निवडणे म्हणजे वेष्टन पाहून माल उचलणे होय. व्यापाऱ्याला हे सांगावे लागू नये, पण शिक्षणाच्या बाबतीत तोही फसतो. संस्थेस भेट देऊन काही साधे प्रश्न विचारावेत. विद्यार्थी वर्षभरात किती बातम्या लिहितात आणि त्या वाचून लाल शाईने परत कोण देतो? शिकविणाऱ्यांपैकी किती जणांनी वृत्तपत्रात वा वाहिनीत प्रत्यक्ष काम केले आहे? न्यायालय, महापालिका, बाजार समिती येथे विद्यार्थ्यांना पाठवितात की नाही? आकडेवारी, माध्यमविषयक कायदा आणि माहिती अधिकार हे विषय सक्तीचे आहेत की ऐच्छिक? मागील तीन वर्षांचे विद्यार्थी आज कोठे काम करीत आहेत, त्यांची नावे संस्था देते काय? जाहिरात, जनसंपर्क आणि पत्रकारिता यांची एकत्र मोट बांधलेल्या अभ्यासक्रमात बातमीच्या वाट्यास किती तास येतात, हेही मोजून घ्यावे. अनेक ठिकाणी ‘पत्रकारिता’ शिकलेला विद्यार्थी प्रत्यक्षात कंपन्यांची प्रसिद्धिपत्रके लिहिण्यास शिकलेला असतो. तो धंदा वाईट नाही, पगारही बरा असतो. मात्र तो निराळा धंदा आहे.

पत्रकारितेच्या पदवीशिवाय पत्रकार होता येत नाही काय, असा रास्त सवाल येथे निघतो. येतेच. याचे सर्वांत ठळक उदाहरण व्यापारी वाचकांच्या परिचयाचे आहे. २३ एप्रिल १९९२ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त सुचेता दलाल यांनी स्टेट बँकेच्या सुमारे ५०० कोटी रुपयांच्या रोखे व्यवहाराची बातमी दिली आणि शेअर बाजाराचा फुगा फुटला. दलाल यांचे शिक्षण धारवाडला संख्याशास्त्रात व नंतर मुंबईत कायद्यात झालेले होते. त्या बातमीचे मर्म ज्याला कळते त्याला आर्थिक पत्रकारितेचे शिक्षण म्हणजे काय, हेही कळते. म्हणून ते थोडे उलगडून पाहणे उपयोगी ठरेल.

बँकांना ठेवींचा काही भाग सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो. एखाद्या बँकेस पंधरा दिवसांसाठी रोख रकमेची निकड भासली की ती आपले रोखे दुसऱ्या बँकेस विकी आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या किमतीस परत घेई. व्याज किमतीतील फरकात मुरलेले असे. जुन्या पेढ्यांवर माल तारण ठेवून उचल घेण्याचाच हा प्रकार होता. रोखे प्रत्यक्ष हस्तांतरित होण्यास रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात विलंब लागे, म्हणून विकणारी बँक ‘रोखे आमच्याकडे आहेत, मिळताच देऊ’ अशा अर्थाची पावती लिहून देई. दोन बँकांची गाठ घालून देणारा दलाल मध्ये असे. नियमाप्रमाणे धनादेश एका बँकेकडून दुसऱ्या बँकेकडे जावयास हवा होता. प्रत्यक्षात त्याची रक्कम दलालाच्या खात्यात जमा होऊ लागली. पावत्यांचे तर त्याहून वाईट झाले. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन सहकारी बँक या दोन छोट्या बँकांनी हाती रोखे नसताना पावत्या लिहून दिल्या. मालाशिवाय लिहिलेली हुंडी ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला यापुढील कथा सांगण्याची गरज नाही. त्या कागदांवर उभी राहिलेली रक्कम शेअर बाजारात गेली आणि ए. सी. सी.चा शेअर सुमारे २०० रुपयांवरून ९,००० च्या आसपास पोहोचला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने अखेर चार हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेचा हिशेब लागत नसल्याचे दाखवून दिले. कऱ्हाडच्या त्या बँकेचे अस्तित्वच पुसले गेले.

दलाल स्ट्रीटवर त्या काळी रोज डझनांनी वार्ताहर हिंडत. निर्देशांक वर का जातो, याची कारणे ते रोज लिहीत. प्रश्न फक्त एकच होता. इतका पैसा येतो कोठून? हा प्रश्न मुनिमाचा आहे. रोजमेळात जमेची बाजू फुगली की जुना मुनीम खर्चाकडे पाहण्यापूर्वी जमेकडे बोट ठेवून विचारत असे की ही रक्कम कुणाची? पत्रकारितेच्या वर्गात बातमीची मांडणी, शीर्षक, मुलाखत, चित्रीकरण हे सर्व शिकविता येते. जमेकडे बोट ठेवण्याची सवय शिकविणे फार कठीण. ज्या घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या आहे त्या घरांतील मुलांनी ती हाताशी घेऊन या क्षेत्रात जावे, यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

त्यामुळे शिक्षणाचा क्रम उलटा लावू नये. बारावीनंतर लगेच माध्यमविद्येच्या पदवीस जाणाऱ्या मुलाला सर्व विषयांची तोंडओळख होते आणि एकाही विषयाचा तळ लागत नाही. वाणिज्य, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किंवा कायदा यांतील पदवी आधी घ्यावी. त्यावर पत्रकारितेची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी अथवा एक वर्षाची पदविका घ्यावी. कोलंबियासारख्या ठिकाणीही साध्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाखेरीज व्यवसाय व अर्थ, राजकारण, विज्ञान, कला अशा विषयांतील अनुभवी पत्रकारांसाठी वेगळी एम. ए. ठेवलेली आहे, याचे कारण हेच. ज्यांना अध्यापनाकडे वळावयाचे असेल त्यांनी नेट परीक्षा व पीएच. डी. यांचा विचार करावा; वृत्तपत्राच्या कचेरीत पीएच. डी.ला कुणी विचारीत नाही.

अभ्यासक्रम चालू असताना आणि त्याआधीही घरबसल्या करता येण्याजोगी तयारी पुष्कळ आहे. गावातील नागरी सहकारी बँक वा पतसंस्था घ्यावी. तिचा वार्षिक अहवाल सभासदांना मिळतो आणि व्यापारी घरात कुणी ना कुणी सभासद असतोच. मागील पाच अहवाल एकापुढे एक ठेवावेत. ठेवी किती वाढल्या, कर्जे किती वाढली, थकबाकी किती, बुडीत कर्जासाठी तरतूद किती, लेखापरीक्षणाचा वर्ग ‘अ’ वरून ‘ब’ कधी झाला, लेखापरीक्षक कधी बदलला, हे एका कागदावर उतरवावे. अध्यक्षांचे मनोगत आणि सत्काराची छायाचित्रे वगळावीत; ताळेबंदाखालच्या बारीक अक्षरांतील टिपा मात्र दोनदा वाचाव्यात. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते. त्या सभेत जाऊन शेवटच्या रांगेत बसावे आणि कोणत्या प्रश्नावर व्यासपीठावरील मंडळी घाईने पुढच्या विषयाकडे वळतात, हे टिपून ठेवावे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. मात्र सहकारी संस्थेकडे तो थेट केला तर बहुधा परत येईल, कारण शासनाचा भरीव अर्थपुरवठा नसलेली सहकारी संस्था ‘सार्वजनिक प्राधिकरण’ नव्हे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निर्णय आहे. तोच अर्ज सहकार निबंधकाच्या कार्यालयात केला तर तेथे असलेला लेखापरीक्षण अहवाल आणि कलम ८३ खालील चौकशीचे कागद मागता येतात. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अल्प शुल्कात तिची कागदपत्रे पाहता येतात. सेबीचे आदेश विनामूल्य वाचता येतात, आणि कंटाळवाण्या भाषेचा अडसर ओलांडला तर एखाद्या कादंबरीहून ते अधिक गुंतवून ठेवतात.

कागद सारे काही सांगतो, असे मात्र नाही. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे प्रकरण हे त्याचे दुःखद उदाहरण होय. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदाराला सहा महिन्यांत हजार रुपयेच काढता येतील, असे जाहीर झाले. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. मुंबईतील कितीतरी छोट्या दुकानदारांची चालू खाती त्या बँकेत होती. माल आणलेला, देणेकऱ्यास धनादेश दिलेला आणि खाते गोठलेले, अशी अवस्था एका सकाळी झाली. बँकेचे छापील ताळेबंद त्याआधी निरोगी दिसत होते, कारण एकाच बांधकाम समूहास दिलेली कर्जे २१,०४९ बनावट खात्यांच्या आड दडविलेली होती. हा आकडा आणि घोटाळ्याचे स्वरूप बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकाने रिझर्व्ह बँकेस लिहिलेल्या पत्रातून पुढे आले. वर्तमानपत्रांना सुगावा लागला तो खातेदारांबरोबरच. अशा वेळी अहवालापेक्षा माणूस उपयोगी पडतो. शाखेतील रोखपाल, निवृत्त लेखापाल, कर्जविभागातून अचानक बदली झालेला कारकून अशी माणसे ज्याच्यावर विश्वास टाकतात तो खरा बातमीदार. आणि विश्वास मिळविण्यास दोन-चार वर्षे एकाच बाजारात, एकाच तालुक्यात पाय झिजवावे लागतात. ते कोणत्याही विद्यापीठात होत नाही. ठेवींवरील विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेली, हा या प्रकरणानंतरचा थोडासा दिलासा. परंतु ज्या घराची ठेव त्याहून अधिक आहे, त्याला आपल्या बँकेचा ताळेबंद समजून लिहिणारा जिल्हा वार्ताहर हवा की नको, याचे उत्तर त्या घरानेच द्यावे.

आता तो खालच्या आवाजातील प्रश्न. घरातील मुलगी अर्थविषयक वार्ताहर झाली आणि बाजारातील परिचिताची, नात्यातील कुणाची, समाजातील एखाद्या दानशूर गृहस्थाची भानगड तिच्या हाती आली तर काय? काका दूरध्वनी करतील, ‘बेटा, एवढे राहू दे’ म्हणतील. विश्वस्त मंडळातील ज्येष्ठ बापूजींना गाठतील. बापूजी तिला काही बोलणार नाहीत, पण दोन दिवस ताटावर गप्प बसतील, आणि ते काकांच्या दूरध्वनीहून जड असते. या प्रसंगाची सोय बातमी हाती येण्यापूर्वीच करून ठेवावी लागते. प्रतिष्ठित वृत्तपत्रांत त्यासाठी सरळ रीत आहे. ज्या पेढीत, कंपनीत वा बाजार समितीत घरच्यांचा आर्थिक हितसंबंध आहे ती संपादकास लेखी कळवावी आणि तिच्याविषयीची बातमी दुसऱ्याने करावी. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेत अर्थविषयक पत्रकारांसाठी स्वतंत्र नियम आहेत. भेटी, कर्ज, सवलती, पसंतीचे शेअर घेऊ नयेत आणि आपल्या व कुटुंबीयांच्या गुंतवणुकीचा हितसंबंध उघड करावा, असा त्यांचा आशय आहे. या नियमांकडे कोरडा उपदेश म्हणून पाहणाऱ्यांनी जानेवारी २०२१ मधील सेबीचा एक अंतरिम आदेश वाचावा. एका हिंदी अर्थवाहिनीवरील शेअरविषयक कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकावर त्यात ठपका ठेवण्यात आला होता. जे शेअर दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात सुचविले जाणार ते आदल्या दिवशी त्याच्या पत्नीच्या व आईच्या खात्यांतून घेतले जात आणि कार्यक्रमानंतर विकले जात, असा तो ठपका होता. तिघांनाही बाजारात व्यवहार करण्यास मनाई करण्यात आली. यात घरातील दोन महिलांची नावे आली, ही गोष्ट व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावी. मुलगी वार्ताहर असेल तर तिने जेवताना सहज बोललेल्या वाक्यावरून भावाने मोबाइलवर सौदा टाकू नये, आणि भावाच्या गिऱ्हाइकाची गोष्ट तिने सकाळी छापू नये. नियम दोन्ही बाजूंना सारखा आहे, आणि तो पाळण्याचा निम्मा भार वार्ताहर नसलेल्यांवर पडतो.

कायद्याचे भय हाही भाग आहेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी हा अजूनही फौजदारी गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे. ज्याच्याकडे कागद आहे, समोरच्या पक्षाचे म्हणणे ज्याने मागितले आहे आणि ते मागितल्याची नोंद ज्याने ठेवली आहे, त्याची बाजू भक्कम राहते. उधारीची वसुली तोंडी चालत नाही, चिठ्ठी लागते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही शिस्त नवी वाटणार नाही.

पगाराविषयी गोड बोलण्यात अर्थ नाही. सी. ए. झालेल्या भावापेक्षा आरंभीची काही वर्षे कमी मिळेल, जिल्ह्यातील मानधनावरच्या वार्ताहराला तर फारच कमी. इंग्रजी अर्थदैनिके व वृत्तसंस्था त्या मानाने बरे देतात. ज्याला मराठी, हिंदी, गुजराती बाजारात बोलता येते, इंग्रजीत लिहिता येते आणि हजार ओळींचा तक्ता संगणकावर चाळून त्यातील विसंगत आकडा काढता येतो, त्याला तेथे मागणी असते. भाषांतर आणि सारांश आता यंत्रेही करू लागली आहेत. बाजार समितीत पहाटे जाऊन आवक खरी किती झाली, हे पाहण्याचे काम त्यांच्याकडून होत नाही. वेळेचे म्हणाल तर आवृत्तीच्या मेजावर रात्रपाळी चुकत नाही आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांतील आयांची काळजी रास्त आहे. डबा बरोबर नेणारे आणि साडेपाचला कोपऱ्यात बसून जेवणारे लोक वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत पूर्वीही होते, आजही आहेत. अर्थविभागाचे काम बाजाराच्या वेळेशी बांधलेले असल्यामुळे तेथे पाळी बरीच सुसह्य असते. मुलगी रात्री परतणार असेल तर कचेरीची गाडी घरापर्यंत येते की नाही, हे नेमणूकपत्र घेण्यापूर्वी विचारावे. त्यात संकोचाचे कारण नाही.

परदेशी जाण्याची घाई मात्र करू नये. कोलंबियातील एका वर्षाचा शिक्षणशुल्क व राहण्याचा खर्च मिळून एक लाख डॉलरांच्या पुढे जातो. एवढे कर्ज घेऊन परतणाऱ्याला मराठी किंवा इंग्रजी वृत्तपत्रातील पगारात ते फेडणे जवळजवळ अशक्य असते. मग तो नाइलाजाने जनसंपर्काच्या नोकरीत शिरतो. दोन-तीन वर्षे येथे काम करून, नावाने छापलेल्या बातम्यांची कात्रणे जमवून, मग शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणे शहाणपणाचे. ब्रिटनमधील एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी असलेल्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीस दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतोच आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अटही असते. १८९२ साली स्थापन झालेल्या जे. एन. टाटा एंडाउमेंटचे शैक्षणिक कर्ज हाही मार्ग आहे. समाजातील अनेक ट्रस्ट उच्च शिक्षणासाठी बिनव्याजी मदत करतात. त्यांच्या छापील अर्जांत वैद्यकीय, अभियांत्रिकी, सी. ए. असे रकाने असतात आणि शेवटी ‘इतर’ असा एक लहान रकाना असतो. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याने तो रकाना भरून सोबत प्रवेशपत्र, शुल्काची पावती आणि आपल्या दोन छापील बातम्या जोडाव्यात. विश्वस्तांना त्या वाचावयास आवडतात, आणि निर्णयाच्या बैठकीत त्या हातोहात फिरतात.